थुंकीत न सापडलेला क्षय

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेलप्पन निर्मला यांच्या तपासण्यांतून भारतातला एचआयव्ही पहिल्यांदा समोर आला. तेव्हा आपल्याकडे क्षयाचा शोध मुख्यतः थुंकीच्या तपासणीवर चाले. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून पसरतो, त्यामुळे तो आधी शोधणं रास्तच होतं. एचआयव्हीने ही घडी विस्कटली. प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी घटल्या की जंतू फुप्फुसात कोंडून राहत नाहीत. रक्तावाटे मानेच्या गाठींत, पोटात, मणक्यात, मेंदूच्या आवरणात शिरतात. ताप हटत नाही, वजन उतरत जातं आणि थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

मानेची गाठ निदान हाताला लागते. सुई घालून पू काढायचा, काचपट्टीवर पसरायचा. एचआयव्ही बळावलेल्यांच्या पुवात जंतू उलट जास्तच सापडतात. मेंदूचा क्षय मात्र दगा देतो. आधी नुसती डोकेदुखी, उलट्या, वागण्यातला बदल; पाठीतून काढलेल्या पाण्यातही जंतू अनेकदा सापडत नाहीत. रिपोर्टची वाट पाहत उपचार लांबवले तर जीव जातो.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची उपचारपद्धती, एआरटी, मोफत मिळू लागली. लाखो लोक जगले. पण प्रतिकारशक्ती परतू लागली की दबलेली गाठ एकाएकी सुजते, पू धरते. औषध बाधलं असं वाटून गोळ्या सोडण्याची भीती तिथेच असते. आधी समजावून सांगितलं तर ती टळते. एआरटी कधी सुरू करावी, याचं उत्तर २०११ साली स्पष्ट झालं. सीडी-फोर फारच कमी असलेल्या क्षयरुग्णांत क्षयाचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत ती सुरू केल्याने मृत्यू घटले, हे कंबोडियात दिसलं. मेंदूच्या क्षयात मात्र अशा घाईचा फायदा नाही, हे व्हिएतनाममध्ये कळलं.

२०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी गाठीतला पू आणि पाठीतलं पाणी यांसाठीही सुचवली. पुढे लघवीतून क्षय ओळखणारी लॅम पट्टी आली. आफ्रिकेतल्या चार देशांच्या रुग्णालयांत दाखल एचआयव्हीबाधितांवर ती वापरली, तेव्हा आठ आठवड्यांतले मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ वर आले.

या साऱ्या वर्षांनी एक गोष्ट पक्की शिकवली: रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे क्षय नाही, असं नव्हे. खोकला, ताप, वजन आणि रात्रीचा घाम यांची चौकशी एआरटी केंद्रांवर होते. तिच्या जोडीला मान, काख चाचपणं आणि डोकेदुखीबद्दल विचारणं दर खेपेला व्हायलाच हवं. त्याला यंत्र लागत नाही.