एक्सप्लेनर : थोरल्या-धाकट्याची ९० वर्षांची लढत का थांबली?

बर्कली आणि लॉस एंजेलिस (यूसीएलए) ही कॅलिफोर्निया विद्यापीठाची भावंडं. बर्कली थोरलं, यूसीएलए १९१९ मध्ये 'दक्षिण शाखा' म्हणून सुरू झालं.

सुरुवात कधी?
अमेरिकन फुटबॉलमध्ये दोघं १९३३ मध्ये पहिल्यांदा भिडले. सामना ०-० असा सुटला. त्यानंतर २०२३ पर्यंत दरवर्षी ही लढत झाली. महायुद्धात आणि कोरोनातही.

मग काय बिघडलं?
टीव्ही हक्कांच्या पैशांसाठी यूसीएलए २०२४ मध्ये 'बिग टेन'मध्ये गेलं. जुनी 'पॅक-१२' लीग फुटली, बर्कली 'एसीसी'त गेलं. वेळापत्रकं वेगळी झाली, लढत थांबली.

भरपाई किती?
यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत, असं विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठरवलं.

साखळी तुटण्यापूर्वीचा सामना : २५ नोव्हेंबर २०२३, बर्कली ३३, यूसीएलए ७.