राहतो मुंब्र्यात, पत्ता मात्र जुनाच

शाळेत पहिलीचे प्रवेश चालू असले की आम्ही पालकांना पत्ता विचारतो. बरेच जण थोडं थांबतात आणि विचारतात, "सर, कागदावरचा सांगू की राहतो तो?" मुंब्र्यासारख्या उपनगरी शहरातलं जगणं समजून घ्यायचं तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

लोक इथे आले कसे?

मुंब्रा आणि कौसा ही पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामधली जुनी गावं. कोकणी मुसलमानांची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि मुंब्रा तिच्यात आलं. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने इकडे आली. आपल्या माणसांत राहण्याचा दिलासा होता आणि घर परवडत होतं. "दोन-चार वर्षं काढू, मग परत जाऊ," असं म्हणत आलेल्यांचे नातू आज आमच्या वर्गात बसतात. मुक्काम कायमचा झाला, मनातली 'सध्यापुरतं' ही भावना मात्र गेली नाही.

दिवस जातो कुठे?

घर इथे, पण रोजी मुंबईत. धीम्या लोकलने सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. त्यात घरून स्टेशन आणि तिकडे स्टेशनवरून कामाची जागा, म्हणजे येऊन-जाऊन तीन-साडेतीन तास सहज जातात. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि जलद गाड्या मुंब्र्याला वळसा घालून जाऊ लागल्या. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर जलद लोकल मुंब्र्यावरून धावू लागल्या, पण सहसा इथे थांबत नाहीत. गर्दीचं काय होतं ते ९ जून २०२५ च्या सकाळी सगळ्यांनी पाहिलं. मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचा जीव गेला.

या प्रवासाची किंमत आम्हाला वर्गात दिसते. पालकसभेला जवळपास सगळ्या अम्मीच येतात. अब्बा मुलं उठायच्या आधी निघतात आणि ती झोपल्यावर परततात. जुम्म्याची नमाजसुद्धा ते कामाच्या ठिकाणीच अदा करतात. त्यामुळे मोहल्ल्यात दहा वर्षं राहूनही त्यांची शेजाऱ्यांशी नीट ओळख नसते. नळाला पाणी का नाही, गटार का तुंबलं, हे विचारायला दिवसा कुणी मोकळाच नसतो.

कागद जुन्या पत्त्यावर असले तर काय बिघडतं?

मतदार यादीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांना घरोघरी फिरावं लागतं. तेव्हा कळतं की कुटुंब इथलं, मतदार कार्ड मुंबईच्या जुन्या चाळीचं, रेशन कार्ड गावाकडचं आणि वीजबिल आधीच्या मालकाच्या नावावर. पहिला फटका मुलांना बसतो. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी रहिवासाचा पुरावा लागतो आणि घरापासून शाळेचं अंतरही पाहतात. भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणी केलेला करार नसला तर अर्ज तिथेच अडतो. दुसरं, ज्याचं मत इथे नाही, त्याच्या तक्रारीला लोकप्रतिनिधीच्या लेखी किती वजन राहणार?

तिसरी गोष्ट जिवाशी आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बांधकाम चालू असतानाच तिच्यात कुटुंबं राहत होती. ही माणसं बेफिकीर नव्हती. स्वस्त छप्पर मिळतंय म्हटल्यावर गरजू माणूस कागद मागायला कचरतो, आणि बेकायदा बांधणाऱ्याला तेच हवं असतं.

मग करायचं काय?

आधी मतदार नोंदणी इथे आणा. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरावा लागतो आणि तो ऑनलाइनही भरता येतो. रेशन कार्ड आणि आधारवरचा पत्ताही बदलून घ्या. भाड्याने राहत असाल तर करार रजिस्टर करा, साध्या स्टॅम्प पेपरवर भागवू नका. घर विकत घेताना पालिकेची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीची मालकी कुणाची हे बघा. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नंबर मागा आणि तो साइटवर तपासा. "सगळं होऊन जाईल भाई," असं म्हणणाऱ्याच्या हातात बयाणा देऊ नका.

आणि एक विनंती अब्बा लोकांना. महिन्यातून एक रविवार मोहल्ल्यासाठी आणि वर्षातून दोन दिवस पालकसभेसाठी काढा. लोकलमध्ये जाणारे तास आपल्या हातात नाहीत, हे एवढे दिवस तरी आहेत.

तीस वर्षं हा काही तात्पुरता काळ नव्हे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही पत्ता विचारू, तेव्हा पालकांना थांबावं लागू नये. कागदावरचा पत्ता आणि राहतो तो पत्ता एकच असावा, एवढंच.