जर्कबेट, मृदू प्लॅस्टिकचे

उत्तर अमेरिकेतील बास हे मासे गळाने पकडण्यासाठी वापरण्यात येणारे मऊ, लांबट व बहुधा वजन न जोडलेले कृत्रिम आमिष. दोराला हिसका (जर्क) दिला असता ते पाण्यात सुळकन आडवेतिडवे सरकते आणि ढील मिळताच सावकाश बुडू लागते. जखमी झालेल्या लहान माशाच्या हालचालीशी या गतीचे साम्य असते. आमिषाच्या नावात हिसक्याचा निर्देश असला, तरी मासा ते बहुतेक वेळा हिसक्यानंतरच्या विरामात तोंडात घेतो. हा विराम साधणे आणि त्या वेळी दोरावर नजर ठेवणे हे या पद्धतीचे मर्म होय. पकडलेला मासा जिवंत परत सोडता येईल की नाही, हेही पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

लक्ष्य मासा : येथे बास म्हणजे मायक्रॉप्टेरस या वंशातील गोड्या पाण्यातील मासे होत. त्यांचा समावेश सनफिश माशांच्या सेंट्रार्किडी या कुलात होतो. समुद्रातील बास माशांशी त्यांचा जवळचा संबंध नाही. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ व स्पॉटेड बास या प्रमुख जाती आहेत. लार्जमाउथ बासला पूर्वी मायक्रॉप्टेरस सॅल्मॉयडीस या एकाच नावाने ओळखत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानंतर ते नाव फ्लॉरिडा बासकडे गेले असून लार्जमाउथसाठी मायक्रॉप्टेरस नायग्रिकॅन्स हे नाव सुचविण्यात आले आहे. पंचमहासरोवरांचा प्रदेश, मिसिसिपी नदीचे खोरे आणि आग्नेय अमेरिकेतील नद्या व सरोवरे हे या माशांचे मूळ निवासस्थान. भारतात ते मूळचे नाहीत.

लार्जमाउथ बास भक्ष्याचा लांबवर पाठलाग क्वचितच करतो. पाणवनस्पती, बुडालेली झाडे किंवा धक्क्याखालची सावली यांच्या आडोशाला तो दबा धरून राहतो. भक्ष्य जवळ येताच तो जबडा झटकन उघडतो. त्यामुळे मुखगुहेत पोकळी निर्माण होऊन पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढले जाते. ही क्रिया सेकंदाच्या काही शतांश भागात पूर्ण होते. न रुचणारी वस्तू तो तितक्याच वेगाने बाहेरही टाकतो. हलके व मुक्तपणे तरंगत बुडणारे आमिष या शोषणाने सहज आत जाते. ताणलेल्या दोराला बांधलेले आमिष मात्र तितक्या सहजतेने जात नाही. विरामाचे व सैल दोराचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

इतिहास : अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील ॲक्रन येथील निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचा कृत्रिम गांडूळ विक्रीस आणला. त्यापूर्वीची कृत्रिम आमिषे मुख्यत्वे लाकूड, धातू, पिसे वा कठीण प्लॅस्टिक यांची असत. लहान माशाच्या आकाराची, हिसके देऊन चालवावयाची कठीण आमिषेही प्रचारात होती. फिनलंडमधील लौरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडापासून कोरलेले तरंगते आमिष त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. कठीण आमिषाची हालचाल व मऊ प्लॅस्टिकचा स्पर्श यांचा मेळ १९८०–९० या दशकात साधला गेला. कनेक्टिकट राज्यातील हर्ब रीड यांनी तयार केलेले ‘स्लग-गो’ हे या प्रकारचे आद्य आमिष मानले जाते. पुढे झूम या कंपनीचे दुभागलेल्या शेपटीचे ‘फ्लूक’ इतके लोकप्रिय झाले की, या प्रकारातील कोणत्याही आमिषाला पुष्कळदा त्याच नावाने संबोधण्यात येते.

रचना व घडण : पॉलिव्हिनिल क्लोराइड या बहुवारिकाचे सूक्ष्म कण प्लॅस्टिककारी द्रवात मिसळून प्लॅस्टिसॉल हे दाट मिश्रण तयार करतात. ते सु. १७०° ते १८०° से. पर्यंत तापवून साच्यात ओततात; थंड झाल्यावर त्याचा रबरासारखा लवचिक पदार्थ बनतो [⟶ प्लॅस्टिक व प्लॅस्टिक उद्योग]. मिश्रणात रंग, चमकीचे कण, मीठ व लसूण किंवा बडीशेप यांसारखे गंधद्रव्य घालतात. मिठामुळे आमिषाचे वजन वाढून ते अधिक दूर फेकता येते व सावकाश बुडते.

आमिषाची लांबी सामान्यतः १० ते १५ सेंमी. असते. नाक निमुळते, अंग गोलसर वा चपटे आणि शेपटी टोकदार किंवा दुभागलेली असते. पोटाला उभी चीर व पाठीवर खोबण ठेवलेली असते. त्यांत गळ बसतो व त्याचे टोक झाकले जाते. स्वतःहून वळवळणारी शेपटी या आमिषाला नसते. त्यात येणारी सर्व हालचाल पारध्याच्या मनगटातून येते.

गळ जोडण्याची रीत : सु. १३ सेंमी. लांबीच्या आमिषास ४/० किंवा ५/० या क्रमांकाचा, दांडीला डोळ्याजवळ बाक दिलेला रुंद गळ योग्य ठरतो. गळाचे टोक प्रथम आमिषाच्या नाकातून सु. ५ मिमी. आत घालून खालच्या बाजूने बाहेर काढतात. गळ पुढे ओढून डोळ्याजवळचा बाक नाकात बसवितात व गळ अर्धा फिरवितात. नंतर गळ आमिषाच्या बाजूला टेकवून त्याचा वाकलेला भाग अंगावर नेमका कोठे येतो, ते पाहतात. त्या ठिकाणी पोटातून टोक घालून ते पाठीच्या खोबणीत किंचित दबलेले राहील असे काढतात. या मांडणीमुळे गळ वनस्पतींत वा फांद्यांत सहसा अडकत नाही. आमिष गळावर सरळ बसणे अत्यावश्यक असते. ते वाकडे वा आखडलेले राहिल्यास पाण्यात गरगर फिरते, दोराला पीळ पडतो व मासा त्याकडे फिरकत नाही. पीळ टाळण्यासाठी आमिषाच्या सु. अर्धा मीटर अगोदर फिरती कडी बसविण्याची पद्धत आहे. अडथळे नसलेल्या पाण्यात गळ केवळ नाकातून ओवला, तर आमिष अधिक मोकळेपणाने हलते.

साधने : सु. २ ते २·१ मी. लांबीची, मध्यम ताठरपणाची व जलद टोकाची काठी सोयीची असते. स्थिर फिरकी किंवा फिरत्या रिळाची फिरकी यांपैकी कोणतीही चालते. हलके आमिष फेकण्यास पहिली सोपी जाते. दोर सु. ४·५ ते ७ किग्रॅ. भार सहन करणारा घेतात. नायलॉनचा एकपदरी दोर पाण्यात हळू बुडतो, त्यामुळे उथळ पाण्यात आमिष वर ठेवता येते. फ्ल्युओरोकार्बनचा दोर अधिक लवकर बुडतो व पाण्यात कमी दिसतो. विणीचा दोर वापरल्यास त्याच्या टोकाला यांपैकी एकाचा तुकडा जोडतात.

फेक व हाताळणी : आमिष माशाच्या संभाव्य ठिकाणाच्या पलीकडे टाकतात, नेमके डोक्यावर पडल्यास मासा बिचकतो. पाण्यात पडल्यावर क्षणभर ते बुडू देतात. नंतर काठीचे टोक पाण्याकडे झुकवून मनगटाने एक वा दोन आखूड हिसके देतात. प्रत्येक हिसक्यानंतर टोक किंचित पुढे नेऊन दोराला लगेच ढील देतात. फिरकीने फक्त जमलेली ढील गुंडाळावयाची असते, आमिष ओढावयाचे नसते. ढील मिळाल्यासच आमिष आपल्या वेगाने एका बाजूला घसरते व पुढील हिसक्याला दुसरीकडे वळते. दोर ताणलेला राहिला, तर नाक सतत पुढे ओढले जाऊन ते सरळ रेषेत येते व त्याचे आकर्षण नाहीसे होते. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक होय.

हिसक्यांनंतर विराम घेतात. उबदार पाण्यात व मासे चपळ असताना तो एकदोन सेकंदांचा पुरतो. थंड पाण्यात पाच सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ थांबतात. या वेळी आमिष आडवे राहून मरणोन्मुख माशाप्रमाणे खाली जाते. दोर सैल असल्याने माशाने आमिष घेतल्याचा धक्का हाताला पुष्कळदा जाणवत नाही. दोर पाण्याला मिळतो त्या ठिकाणी बारीक उडी दिसणे, दोर एका बाजूला सरकू लागणे किंवा अपेक्षेपूर्वीच बुडावयाचा थांबणे, या खुणा ओळखाव्या लागतात. खूण दिसताच काठी माशाच्या दिशेने नेऊन ढील गुंडाळतात व मग काठी बाजूला जोराने ओढून गळ रुतवितात. मासा आमिषावर झेपावताना डोळ्यांना दिसला, तरी आमिष तोंडात जाऊन दोर हलेपर्यंत ओढावयाचे नसते. अन्यथा ते तोंडातून निसटते.

ऋतू व स्थळ : हे आमिष मुख्यतः दृष्टीला आवाहन करणारे असल्याने स्वच्छ वा किंचित गढूळ पाण्यात अधिक परिणामकारक ठरते. स्वच्छ पाण्यात पांढरे, मोतिया किंवा अर्धपारदर्शक हिरवट रंग व गढूळ पाण्यात गडद किंवा भडक पिवळट हिरवा रंग वापरतात. वसंत ऋतूत पाणी सु. १३° ते १५° से. च्या वर गेल्यावर बास उथळ भागाकडे येतात. प्रजननाच्या आगेमागे हा हंगाम उत्तम असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हायड्रिलासारख्या पाणवनस्पतींच्या माथ्यावरून व धक्क्यांच्या सावलीतून आमिष फिरवितात. शरद ऋतूत शॅड माशांचे थवे जलाशयाच्या लहान फाट्यांत शिरतात व त्यांच्यामागे बासही जातात. त्या वेळी शॅडच्या आकाराचे पांढरे आमिष उपयोगी पडते. पृष्ठभागावरील आमिषावर झेप चुकलेल्या माशापुढे हेच आमिष लगेच टाकले असता तो पुष्कळदा ते घेतो. अधिक खोलीसाठी दांडीला वजन असलेला गळ किंवा आमिषाच्या अंगात खिळ्यासारखे बारीक वजन वापरतात. मात्र वजन वाढेल तसा आमिषाचा सावकाश बुडण्याचा गुण कमी होतो.

मासा जिवंत सोडणे : बास-पारधीच्या स्पर्धांचे प्रवर्तक रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्‌कॅन्सॉ राज्यातील बीव्हर सरोवरावर मोठी स्पर्धा भरविली. त्यांच्या संघटनेने १९७२ मध्ये पकडलेला मासा न मारता सोडण्याची मोहीम सुरू केली आणि हा प्रघात पुढे सर्वत्र रुजला. मासा सोडला म्हणजे तो जगलाच, असे मात्र नाही. मऊ प्लॅस्टिक व मीठ यांमुळे बास आमिष अधिक काळ तोंडात धरतो व गिळूही लागतो. पारध्याचे दोराकडे दुर्लक्ष झाले, तर गळ ओठात न रुतता घशात किंवा अन्ननलिकेत रुततो आणि कल्ले वा हृदयाजवळचा भाग दुखावल्यास मासा दगावतो. ज्या विरामामुळे मासा मिळतो, तोच विराम बेसावधपणे लांबविल्यास त्याच्या मृत्यूचे कारण होतो. गळ खोल गेला असल्यास तो ओढून काढण्यापेक्षा दोर गळाजवळ कापणे बहुधा हितावह असते. उलटा काटा चिमट्याने दाबून टाकणे, हात ओले करून मासा धरणे, मोठ्या माशाच्या पोटाला आधार देणे व त्याला शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडणे, हे इतर उपाय होत. उन्हाळ्यातील उबदार पाण्यात प्राणवायू कमी असल्याने ही काळजी विशेष आवश्यक असते.

प्रजननकाळात नर बास घरटे करून अंड्यांचे व पिल्लांचे रक्षण करतो. तो पकडला गेल्यास थोड्याच वेळात ब्लूगिलसारखे मासे घरट्यावर तुटून पडतात. या कारणाने कॅनडातील आँटॅरिओ प्रांताच्या पुष्कळ भागांत प्रजननकाळात बासच्या पारधीस बंदी असते.

मासा परत सोडण्याचा नियम सर्व ठिकाणी सारखा लागू पडत नाही. जपानमध्ये १९२५ साली आणलेला लार्जमाउथ बास तेथील स्थानिक माशांना घातक ठरला. त्यामुळे बीवा सरोवरात पकडलेला बास परत सोडण्यास शिगा प्रांताने २००३ पासून मनाई केली आहे.

टाकाऊ आमिषे : हे आमिष काही माशांनंतर फाटते व गळावरून निसटते. त्यातील प्लॅस्टिक पाण्यात कुजत नाही. तळाशी पडलेली आमिषे मासे गिळतात. पोटात ती फुगतात. ब्रुक ट्राउट माशांना प्रयोगशाळेत अशी आमिषे गिळू दिली असता त्यांच्या वाढीवर अनिष्ट परिणाम झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मेन राज्याच्या विधिमंडळापुढे २०१३ मध्ये मऊ आमिषांवर बंदी घालणारे विधेयक मांडण्यात आले होते. बंदी न घालता प्रश्नाचा अभ्यास करण्याचे ठरले. अधिक टिकाऊ इलॅस्टोमरची आमिषेही आता मिळतात. नेहमीच्या आमिषांबरोबर एका डबीत ठेवल्यास ती वितळतात, म्हणून वेगळी ठेवावी लागतात. फाटलेले आमिष पाण्यात न टाकता खिशात ठेवून परत आणणे, हा यावरील साधा व प्रत्येकाच्या हाती असलेला उपाय होय.