जवाहरनगरला माल द्यायचाय? आधी हे वाचा

जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी म्हटली की भंडाऱ्यातल्या छोट्या उद्योजकाला वाटतं, तिथं आपलं काय काम? पण दारूगोळ्याच्या कारखान्यालाही खोके, हातमोजे, मशीनचे सुटे भाग लागतातच.

१ ऑक्टोबर २०२१ पासून ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. अशा कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी, असं केंद्राचं धोरण आहे. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून. टेंडरची अनामत रक्कमही माफ.

खरी मेख पुढे आहे. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या ट्रेडरला उद्यम नोंदणी मिळते, पण ही सवलत मिळत नाही. ती माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणून उद्यमवर कामाचा प्रकार नीट भरा, मग जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी करा आणि सुरुवात लहान ऑर्डरने करा.

माल स्वीकारल्यावर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. अडले तर तक्रार करता येते. पण तोवर कच्चा माल आणि मजुरी तुमच्याच खिशातून जाणार. तेवढं भांडवल हाताशी असेल, तरच दर भरा!