विश्लेषण : लग्न इंग्लंडमध्ये, सनई पेनड्राइव्हमध्ये! परदेशातील लग्नासाठी संगीत आधीच कसे तयार करावे?

नवरा-नवरी दोघेही इंग्लंडमध्ये नोकरीला, दोन्हीकडच्या मोजक्या नातेवाइकांना व्हिसा मिळालेला आणि लग्न तिथल्याच एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये. परदेशस्थ मराठी कुटुंबांत हे चित्र आता नवे नाही. गुरुजी तिथे मिळतात, मुंडावळ्या इथून बॅगेतून जातात. सनई-चौघडा मात्र बॅगेत मावत नाही. मग एखादा चुलतभाऊ लॅपटॉपवर सगळे जोडून मिक्स तयार करतो आणि तो तिथल्या डीजेच्या हाती दिला जातो. या डीजेला बहुतेक वेळा मराठी येत नाही आणि त्याने मराठी लग्नही पाहिलेले नसते. तरीही नेमक्या क्षणी नेमके वाजावे, यासाठी तयारी कशी करायची?

सलग मिक्स का नको?

पहिली गोष्ट म्हणजे दीड तासाची एकच फाइल करू नये. लग्नातला कोणताही विधी ठरल्या मिनिटाला सुरू होत नाही आणि संपतही नाही. सलग मिक्स मात्र आपल्या गतीने पुढे सरकत राहतो. मामा नवरीला घेऊन अजून खोलीच्या दारात असतात आणि हॉलमध्ये वरातीचे गाणे सुरू झालेले असते.

त्यापेक्षा प्रत्येक प्रसंगाची वेगळी फाइल करावी. नावे रोमन लिपीत आणि सुरुवातीला क्रमांक असावा, कारण डीजेच्या यंत्रावर देवनागरी नीट दिसेलच असे नाही. प्रत्येक तुकडा गरजेपेक्षा बराच लांब ठेवावा. नवरीला मंचापर्यंत यायला एक मिनिट लागणार असेल तर फाइल चार मिनिटांची हवी. आवाज हळूहळू उतरवण्याचे काम फाइलमध्ये करून ठेवू नये. ते डीजेला हाताने करू द्यावे, म्हणजे नवरी पोहोचेल तेव्हाच सूर थांबतील.

‘सावधान’ कितव्यांदा?

सगळ्या लग्नात संगीताची खरी परीक्षा एकाच क्षणी असते. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणी वाजंत्री कडाडते. इथे दोन-तीन सेकंद शांतता पसरली तरी सगळ्यांच्या लक्षात येते.

अनेकजण डीजेला सांगून ठेवतात की ‘सावधान’ ऐकू आले की वाजव. अडचण अशी की ‘सावधान’ प्रत्येक मंगलाष्टकानंतर येते. बिचारा डीजे पहिल्याच ‘सावधान’ला सनई-चौघडा सुरू करतो आणि गुरुजी हात वर करून थांबवतात. बरे, मंगलाष्टके मोजायला सांगावे तर तोही भरवसा नाही. हौशी आत्या-मावश्या आयत्या वेळी घरी रचलेले एखादे म्हणतातच.

म्हणून खूण कानाला नव्हे, डोळ्यांना द्यावी : अंतरपाट खाली आला की वाजवायचे. हे इंग्रजीतही एका वाक्यात लिहिता येते आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसते. त्याशिवाय मराठी समजणारा एक माणूस डीजेशेजारी उभा असावा. वाजंत्रीच्या फाइलमध्ये सुरुवातीची शांतता पूर्ण कापून टाकावी. अनेक रेकॉर्डिंगमध्ये पहिला अर्धा-एक सेकंद रिकामा असतो किंवा सनई हळूच चढत जाते. इथे पहिल्या ठोक्यापासूनच सुरुवात हवी.

प्रवास न झेपणाऱ्या आजीचे मंगलाष्टक हवे असेल तर व्हिडीओ कॉलवर विसंबू नये. आवाज उशिरा पोहोचतो, मध्येच तुटतो. आधी रेकॉर्ड करून घेतलेले बरे. पंखा बंद करावा, गाद्या-कपडे असलेल्या खोलीत बसावे आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट करू नये, त्यात आवाज खूप दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करून ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. आजीच्या रेकॉर्डिंगखाली तानपुरा किंवा सनई घालण्याचा मोह मात्र टाळावा. आजी लग्नात ज्या पट्टीत म्हणत आल्या, त्या पट्टीशी ते सूर जुळणे कठीण असते.

रजिस्ट्रारसमोर मंगलाष्टके चालतात का?

नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हॉटेलात केवळ हिंदू विधी केल्याने लग्नाला कायदेशीर मान्यता मिळत नाही. त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्यांसमोर वेगळा ‘सिव्हिल’ समारंभ करावा लागतो आणि त्यात धार्मिक विधी, धर्मग्रंथांतील उतारे वा स्तोत्रे यांना मनाई आहे. संगीतही याच नियमात येते. त्यामुळे दोन वेगळे फोल्डर करावेत, एक रजिस्ट्रारचे आणि एक गुरुजींचे. पहिल्या फोल्डरची यादी अधिकाऱ्यांना आधीच पाठवून संमती घ्यावी. भजनाच्या चालीवरची बासरी कुणालाच कळणार नाही, असे गृहीत धरू नये.

डाउनलोड केलेले गाणे तुमच्याकडे असते का?

स्ट्रीमिंग ॲपवर ‘डाउनलोड’ केलेले गाणे ही वापरता येणारी फाइल नसते. ते कुलूपबंद असते आणि त्याच ॲपमध्ये वाजते. स्पॉटिफायला किमान ३० दिवसांतून एकदा इंटरनेटशी जोडावे लागते, नाहीतर डाउनलोड निघून जातात. शिवाय भारतात दिसणारे गाणे हक्कांच्या करारामुळे ब्रिटनमध्ये दिसेलच असे नाही. तेव्हा गाणी विकत घेऊन खरी फाइल मिळवावी. ३२० केबीपीएसची एमपी३ पुरेशी आहे. एका तासाला साधारण १४४ एमबी लागतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, कारण डीजेंच्या अनेक यंत्रांना एनटीएफएस वाचता येत नाही.

आवाज एका पातळीवर कसा आणायचा?

१९६०च्या दशकातले गाणे आणि आजचे चित्रपटगीत एकामागोमाग लावले की पहिले पुटपुटल्यासारखे वाटते आणि दुसरे अंगावर येते. कानाला जाणवणारा आवाज एलयूएफएस या एककात मोजतात. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणून वाजवते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरून आपणही तेच करू शकतो. सप्तपदीच्या तुकड्यांना मात्र हा नियम लावू नये. त्यावर गुरुजींचा माइक चालू असतो, म्हणून ते बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल खाली ठेवावेत. त्यात तबलाही नसला तर उत्तम.

आणखी एक तपासणी : प्रत्येक फाइल एकदा मोनोमध्ये ऐकावी. हॉटेलांतील स्पीकर अनेकदा मोनोवर जोडलेले असतात. नंतर कृत्रिमरीत्या स्टिरिओ केलेल्या काही जुन्या गाण्यांत त्यामुळे गायकाचा आवाजच पातळ होतो.

ढोल वाजला आणि वीज गेली

ब्रिटनमधील अनेक हॉलमध्ये ‘साउंड लिमिटर’ बसवलेला असतो. भिंतीवरचा माइक हॉलमधला एकूण आवाज मोजतो. मर्यादा ओलांडली की लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांत आवाज उतरला नाही तर स्पीकरची वीजच तोडली जाते. या मोजणीत पाहुण्यांच्या शिट्ट्या आणि आरोळ्याही येतात. आपल्या ढोल-ताशाचे तर विचारूच नका. खऱ्या ढोलाला आवाजाचे बटण नसते, रेकॉर्डिंगला असते. म्हणून ४० हर्ट्झखालचा खर्ज कापलेली, थोडी मवाळ केलेली दुसरी आवृत्ती सोबत ठेवावी. ३ डेसिबल कमी केले म्हणजे स्पीकरची शक्ती निम्मी होते, पण कानाला फरक थोडाच जाणवतो. लिमिटर मात्र तेवढ्यानेही शांत राहू शकतो.

वेळेचेही गणित आहे. आपल्याकडे लाउडस्पीकरची मर्यादा रात्री १० ची, तिथे ध्वनिनियमांच्या दृष्टीने रात्र ११ ला सुरू होते. यात गोरज मुहूर्त धरणाऱ्यांची पंचाईत होते. जूनच्या अखेरीस लंडनमध्ये सूर्य ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास मावळतो. म्हणजे अक्षता पडल्यावर नाचायला जेमतेम दीड तास!

नाचाच्या मिक्समध्ये कोळीगीते असतील तर डीजेला आधीच सांगावे. त्यातली अनेक सहा मात्रांच्या अंगाने जातात आणि डीजेचे सॉफ्टवेअर चार मात्रा गृहीत धरून ठेके जुळवते. जुळवणी चुकली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. अशा ठिकाणी ढोलाचा एक तुकडा घालून थेट पुढच्या गाण्यावर जावे.

परवाना कोणाचा?

भारतात कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(झेडए) लग्नसमारंभातील संगीताला सवलत देते. तिची व्याप्ती किती, यावर वाद आहे. या सवलतीच्या आधारे गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. पण ही सवलत भारताबाहेर लागू होतच नाही. ब्रिटनमध्ये पीपीएल पीआरएस ही संस्था सार्वजनिक जागी संगीत वाजवण्याचा परवाना देते. तो सहसा हॉलकडेच असतो. बुकिंग करतानाच तसे ईमेलवर लेखी घ्यावे. त्याच ईमेलमध्ये लिमिटरची मर्यादा आणि संगीत थांबवण्याची वेळही विचारावी.

निघताना दोन पेनड्राइव्ह सोबत घ्यावेत. एक डीजेला द्यावा आणि दुसरा त्याच्याशेजारी उभे राहणाऱ्या आपल्या माणसाच्या खिशात राहू द्यावा. प्रवासात दोन्ही चेक-इन सामानात टाकू नयेत, हातातल्या बॅगेत ठेवावेत. ब्रिटनमध्येही वीज २३० व्होल्टचीच आहे, पण तिथल्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात. त्यामुळे लॅपटॉपसाठी ॲडॉप्टर लागेल. आणि आदल्या दिवशी हॉलमध्ये डीजेसोबत अंतरपाटाची तालीम एकदा करावी. अंतरपाट म्हणून टेबलावरची चादर धरली तरी चालेल.