जुना क्रॉप सेन्सर कॅमेरा बदलताना

कॅननचा 700डी 2013 साली आला. त्याचा सेन्सर क्रॉप, म्हणजे लहान, साधारण 22 बाय 15 मिलिमीटरचा, तर फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. म्हणून 300 मिलिमीटरची लेन्स या कॅमेऱ्यावर 480 मिलिमीटरइतकी जवळची चौकट दाखवते. पक्षी टिपणाऱ्यांना हा फायदाच असतो.

नवी बॉडी घेण्याआधी आपल्या लेन्स तपासा. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स नव्या मिररलेस बॉडीवर अडॅप्टर लावून चालतात. पण ईएफ-एस लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली असते, त्यामुळे फुल फ्रेम बॉडी चित्राच्या कडा आपोआप छाटते. कॅननच्या 20 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम आर6वर मग जेमतेम 8 मेगापिक्सेल उरतात. अशाच लेन्स जास्त असतील, तर 2022 साली आलेला आर7 अधिक सोयीचा. तोही क्रॉप सेन्सरच, पण 32.5 मेगापिक्सेलचा. तो पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरतो आणि हात थोडा हलला तर सेन्सर सरकवून चित्र सावरतो.

रंगमंच, लग्नसमारंभ अशा कमी उजेडात काम असेल, तर फुल फ्रेम घ्या. नव्या लेन्सचा खर्च मात्र हिशेबात धरा. भरपूर उजेडात, स्थिर विषयांचे फोटो काढत असाल, तर जुनी बॉडीच ठेवा आणि पैसे चांगल्या लेन्सवर खर्च करा.