ग्लायोमांचे रेणवीय वर्गीकरण

मेंदूतील तंत्रिका कोशिकांना आधार व पोषण पुरविणाऱ्या ग्लिया कोशिकांशी साम्य असलेल्या अर्बुदांना (अनिर्बंध कोशिकावृद्धीमुळे झालेल्या गाठींना) ग्लायोमा म्हणतात. प्रौढांतील बहुतेक ग्लायोमे भोवतालच्या ऊतकांत झिरपत जातात. ते शस्त्रक्रियेने समूळ काढता येत नसल्यामुळे पुढील उपचार अर्बुदाचा प्रकार व श्रेणी यांवरून ठरवावे लागतात.

पर्सिव्हल बेली व हार्वी कुशिंग यांनी १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकातील स्वरूपावरून या अर्बुदांचे वर्गीकरण केले. पुढे सुमारे नव्वद वर्षे मूलतः हीच पद्धत चालू राहिली. मात्र एकच काचपट्टी पाहून दोन तज्ञांची मते पुष्कळदा भिन्न होत. शिवाय सुईने काढलेला तुकडा अर्बुदाच्या कमी विकृत भागातील असला, तर उग्र अर्बुदही सौम्य ठरे.

२००८ मध्ये काही ग्लायोब्लास्टोमांत आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज-१ (आयडीएच-१) या एंझाइमाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले. त्यात बहुधा १३२ व्या स्थानावरील आर्जिनीन या ॲमिनो अम्लाची जागा हिस्टिडीन घेते. बदललेले एंझाइम २-हायड्रॉक्सिग्लुटारेट तयार करते व ते साचून जनुकांचे नियमन बिघडते. असे उत्परिवर्तन असलेले रुग्ण तुलनेने अधिक काळ जगतात, असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये रेणवीय चिन्हकांना वर्गीकरणात स्थान दिले.

२०२१ च्या आवृत्तीनुसार प्रौढांतील उत्परिवर्तित अर्बुदात गुणसूत्र १ ची आखूड भुजा व गुणसूत्र १९ ची लांब भुजा दोन्ही नष्ट झाल्या असतील, तर ते ऑलिगोडेंड्रोग्लायोमा व नसतील तर ॲस्ट्रोसायटोमा होय. ग्लायोब्लास्टोमा हे नाव आता उत्परिवर्तन नसलेल्या अर्बुदासच देतात. त्याची नेहमीची लक्षणे म्हणजे मृत ऊतकांचे पट्टे व रक्तवाहिन्यांची विकृत वाढ. ती न दिसली तरी टर्ट जनुकाच्या प्रवर्तकातील उत्परिवर्तन, ईजीएफआर जनुकाच्या प्रतींची अतिवाढ किंवा गुणसूत्र ७ ची वाढ व १० ची हानी एकत्र आढळल्यास अर्बुद चौथ्या श्रेणीचे ठरते. म्हणजे काचपट्टीवर निरुपद्रवी भासणारा तुकडा सर्वांत घातक प्रकारात मोडू शकतो. पूर्वी अशा रुग्णास अपुरे उपचार मिळण्याचा धोका होता. केवळ टर्ट उत्परिवर्तनावर विसंबून निदान मात्र जपून करावे, कारण ते इतर अर्बुदांतही आढळते.

परीक्षणास फॉर्मॅलिनात राखून पॅराफीन मेणात बसविलेले ऊतक चालते. प्रथम विशिष्ट प्रतिपिंडाने रंजन करतात. ते नेहमीचेच उत्परिवर्तन ओळखत असल्याने, रंजन न झाल्यास पंचावन्न वर्षांखालील रुग्णात जनुकाचा क्रमही तपासावा लागतो. गुणसूत्रांच्या भुजांसाठी अनुस्फुरक रंजकाने चिन्हित केलेले डीएनए वापरतात.

एमजीएमटी जनुकाच्या प्रवर्तकाचे मिथिलीकरण वर्गीकरणात मोडत नाही. तथापि ते आढळल्यास टेमोझोलोमाइड या औषधाचा परिणाम अधिक होतो, हे २००५ मध्ये दिसून आले. वृद्ध व अशक्त रुग्णास प्रारण द्यावे की हे औषध, याचा निर्णय पुष्कळदा याच परीक्षणावर अवलंबून असतो.